आमच्या घरी रोज बिर्याणी होत नाही

ईदची नमाज पढून पुरुषमंडळी घरी पोहोचायच्या आत माझा मोबाईल वाजू लागतो. ‘ईद मुबारक मॅडम! बिर्याणी कधी?’ बकरी ईदला तेच. मोहरमला सुद्धा तेच, आणि तो सणाचा नव्हे, दुखवट्याचा दिवस आहे हे सांगावे तर समोरचा बिचारा ओशाळतो. मैत्रिणीच्या मुलीने दहावीत चांगले गुण मिळवले तर सगळे तिच्याकडे पेढे मागतात. माझ्या मुलीने मिळवले तर माझ्याकडे बिर्याणी मागतात. बदली झाली, घर बांधले, स्कूटी घेतली, काहीही झाले तरी आमच्या नावावर एकच पदार्थ लिहिलेला आहे.

विचारणारी माणसे वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यातल्या कित्येकांशी माझी वीस-वीस वर्षांची ओळख आहे. मी आजारी होते तेव्हा डबे त्यांनीच पोहोचवले. तरी या प्रश्नावर मला आता भांडायचे आहे. मराठी मुसलमानाचे स्वयंपाकघर हे मराठी स्वयंपाकघर आहे आणि ते हॉटेलच्या मेनूकार्डावरून ओळखणे बंद झाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हे मी हिंदू मित्रमैत्रिणींना जितके सांगते आहे तितकेच आमच्या लोकांनाही, आणि खरे तर त्यांना जरा जास्तच.

मी मराठवाड्यातली. आमच्या घरी आठवड्यातले पाच-सहा दिवस ज्वारीची भाकरी असायची. सोबत अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, आणि वरून करडईच्या तेलात लसणाची चरचरीत फोडणी. नाहीतर खट्टी दाल, म्हणजे चिंच घातलेली तुरीची डाळ. तोंडी लावायला तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या काकूंच्या ताटात आणि आमच्या ताटात रोजच्या दिवशी फरक शोधायचा म्हटले तर मसाल्याच्या डब्यात नाक खुपसावे लागले असते.

गोश्त आठवड्यातून एकदा यायचे. अर्धा किलो, खाणारी माणसे सात. अर्धा किलो गोश्त सात जणांना पुरवायचे तर त्यात काहीतरी घालावेच लागते, आणि आमच्या अम्मी-नानीची सगळी हुशारी या ‘काहीतरी’मध्ये होती. अंबाडी घातली की अंबाडा गोश्त. चुका, मेथी, दोडका, वालाच्या शेंगा, जे त्या दिवशी बाजारात स्वस्त असेल ते. उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचेला कोवळी पालवी फुटली की पोरे झाडावर चढवायची आणि तो पाला घालून चिगुर गोश्त करायचे. ती आंबट, किंचित तुरट चव मला अजून कुठल्याही हॉटेलात भेटलेली नाही, आणि भेटणारही नाही. तो पाला विकत मिळत नाही म्हटले तरी चालेल. झाड ओळखीचे असावे लागते.

आणि दालचा. हाडाचे गोश्त, हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा, चिंच, कढीपत्ता. डाळ घोटून मऊ होते, हाडांचा रस तिच्यात उतरतो, दुधीची फोड विरघळायच्या बेतात असते. त्यासोबत बगारा खाना, म्हणजे खडा मसाला, कांदा, पुदिना, हिरवी मिरची घालून केलेला भात. त्यात गोश्त नसते. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या लग्नांत हेच जेवण असायचे, दालचा-खाना. दोन बकऱ्यांत तीनशे माणसे कशी जेवतात याचे उत्तर त्या डाळीत आणि दुधीत आहे. पावसाळ्यातल्या सकाळी खिचडी, खिमा आणि खट्टा. खट्टा म्हणजे तीळ, शेंगदाणे भाजून वाटायचे आणि चिंचेच्या कोळात कालवायचे. पातळ खट्टा गरम खिचडीवर ओतला की तिखट-आंबट वास नाकात जातो आणि माणूस एक भाकरी कमी खातो, पण खिचडी दुप्पट.

आता या पदार्थांत काय काय आले बघा. ज्वारी, तूर, हरभरा, अंबाडी, तीळ, करडई, शेंगदाणा, चिंच. हे सगळे मराठवाड्याच्या काळ्या मातीतले आहे. समरकंदहून आलेले यात काही नाही. उलट बिर्याणीचा लांब दाण्याचा बासमती पंजाब-हरियाणाकडून येतो. आमच्या भागात भात हे रोजचे अन्न कधी नव्हतेच, ते सणाचे आणि पाहुण्याचे अन्न. १९७२च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली. तेव्हा खडी फोडणाऱ्या रांगेत मुसलमान बाया नव्हत्या असे कुणाला वाटते काय? बिर्याणी आमच्या घरी वर्षातून दोनदा व्हायची, तीही पाव पातेले. डेगची बिर्याणी हा बावर्चीचा, म्हणजे पुरुषांचा धंदा. ती घरच्या बाईच्या हातचे रोजचे जेवण नव्हे.

हॉटेलच्या जेवणाशी माझे भांडण नाही, गैरसमज नको. औरंगाबादच्या नान-खलियावर माझा जीव आहे. (शहराचे नाव बदलले, नान-खलियाचे अजून कुणी बदललेले नाही.) १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे राहिला असे सांगतात. नान भट्टीतून निघतो, वरून पिवळसर चकाकी, आत मऊ. खलिया तर्रीदार, गोश्त बोटाने तुटणारे. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या आम्ही चौघी पैसे साठवून एका हॉटेलात गेलो होतो. खाली बाकड्यांवर सगळे पुरुष. मालकाने आम्हाला पाहिले आणि काही न विचारता वर बोट दाखवले. वर ‘फॅमिली रूम’, म्हणजे जिन्याखालच्या कोठडीएवढी जागा आणि तेलकट पडदा. त्या पडद्याआड खाल्लेला नान-खलिया माझ्या आयुष्यातल्या उत्तम जेवणांपैकी एक आहे. पण यातली दुसरी गोष्टही लक्षात घ्या. ज्याला जग ‘मुसलमानांचे खाणे’ म्हणते ते खाणे आमच्या आया-आज्यांनी त्या बाकड्यावर बसून कधी खाल्लेच नाही. त्यांच्यापर्यंत ते आले तर कागदात बांधून, थंड होऊन.

मग हे ‘मुघलाई’ काय प्रकरण आहे? अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी आहे. तिचा पहिला वर्गच बिनमांसाच्या पदार्थांचा आहे, त्याला ‘सुफियाना’ म्हटले आहे. त्यात पालकाचे साग आहे, खिचडी आहे. खिचडीला तांदूळ, डाळ आणि तूप सारख्या वजनाने घ्यायला सांगितले आहे, एवढे बादशाही तूप सोडले तर बाकी आपलीच खिचडी. अकबर स्वतः आठवड्यातले काही वार मांस खात नसे. आईनमधल्या त्या पाककृतींत मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांवरून आलेल्या या वस्तू सगळीकडे रुजायला वेळ लागला. म्हणजे आज ज्या लालभडक ग्रेव्हीला मेनूकार्डावर ‘मुघलाई’ म्हणतात ती अकबरासमोर ठेवली असती तर त्याने ‘हे कुठल्या मुलखातले?’ असेच विचारले असते. ‘मुघलाई’ हा पदार्थांचा प्रकार नाही, ती हॉटेलवाल्यांनी लावलेली पाटी आहे. आणि ती पाटी आता माणसांनाही लावली जाते.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महिला मंडळाच्या खाद्यमहोत्सवात मला स्टॉल लावायला बोलावले. मी कळवले, दालचा-खाना आणि अंबाडा गोश्त करीन, पाटी ‘मराठवाडी’ अशी लावा. आयोजक बाईंनी प्रेमाने समजावले, ‘मॅडम, मराठवाडीचा स्टॉल आधीच दिला आहे, पुरणपोळी आणि येसर आमटीचा. तुम्ही मुघलाई घ्या ना, लोक तिकडेच गर्दी करतात.’ कोल्हापुरी होते, मालवणी होते, वऱ्हाडी, खानदेशी, सावजी होते. महाराष्ट्राच्या नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला त्याची चव होती. माझ्या वाट्याला मात्र नकाशाबाहेरचा एक राजवंश आला, ज्याच्या शेवटच्या नावाजलेल्या बादशहाची कबर इथून पाऊण तासावर आहे आणि जिच्यावरून दर थोड्या दिवसांनी आम्हालाच जाब विचारला जातो. मी स्टॉल घेतला नाही. तिथे बिर्याणीच विकली गेली असे नंतर कळले, चांगली खपली म्हणे.

मी भाषा शिकवते, त्यामुळे मला हे जास्त टोचते. मराठीच्या तासाला मी मुलांना सांगते की जिलबी, हलवा, बर्फी, मुरंबा, सरबत, खिमा, मैदा, पुदिना, चमचा हे शब्द फारसी-अरबी-तुर्कीतून आले आणि मराठी झाले. पंधरा ऑगस्टला महाराष्ट्रात घराघरांत जिलबी आणतात, तेव्हा ‘झुलबिया’ कुठल्या देशातला हे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. शब्दाला तुम्ही मराठी करून घेतले. ज्या घरातून तो शब्द आला ते घर मात्र अजून पाहुणेच आहे.

पाहुणा या शब्दावरून आठवले. अम्मी ईदला शेजारच्या काकूंकडे कोऱ्या शेवया, साखर, खोबरे आणि तांब्याभर दूध पाठवायची. शिजवलेले नाही, कोरे. काकू ते आपल्या चुलीवर शिजवायच्या. दिवाळीला काकूंकडून आमच्याकडे यायचा तो तळलेला, भाजलेला, तयार फराळ. यात दोघींच्याही मनात काही वाईट नव्हते, दोघी एकमेकींच्या बाळंतपणात धावल्या. पण शिजलेले अन्न एकाच दिशेने जायचे, हे मला कळत्या वयापासून दिसत होते. आज काळ बदलला म्हणतात. बदलला, माझ्या हातची बिर्याणी सगळे खातात. पण ती मी डब्यात भरून शाळेत न्यायची, कागदी प्लेटांत वाढायची. वीस वर्षांत त्या प्लेटा मी किती वेळा भरल्या याची मोजदाद नाही. माझ्या घरी येऊन, दस्तरखानावर बसून जेवलेल्या सहकाऱ्यांची मोजदाद मात्र एका हाताच्या बोटांवर होते.

रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, पुण्याच्या कॅम्पात, आमच्याकडे बुढ्ढी लेनला खवय्यांची झुंबड उडते. व्हिडिओ निघतात, मालपुवा आणि फिरनीचे जवळून फोटो. छान आहे, यावे, खावे. पण त्याच शहरांत आम्ही भाड्याने घर बघायला गेलो की काय होते तेही कुणीतरी व्हिडिओत दाखवावे. फोनवर माझी मराठी ऐकून घरमालक खूश होतात. नाव सांगितले की अर्धा मिनिट शांतता, आणि मग, ‘आमची सोसायटी जरा व्हेज आहे हो.’ एकदा हे वाक्य मी ज्या जिन्यात उभी राहून ऐकले त्या जिन्यात रविवारच्या रश्श्याचा खमंग वास भरून राहिला होता. घर नाकारायचे तेव्हा आमचे अन्न कारण होते, मौज करायची तेव्हा तेच अन्न आकर्षण होते. दोन्ही वेळा आमच्या चुलीवर प्रत्यक्षात काय शिजते हे कुणालाच माहीत नसते.

आणि गंमत अशी की खेड्यापाड्यांत हे सगळ्यांना माहीत होते. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात अजूनही कितीतरी हिंदू घरे पिराला नवस बोलतात आणि दर्ग्यावर कंदुरी करतात. बकरा कापायला मुलाणी लागतो, नैवेद्याला मलिदा लागतो, आणि जेवायला भावकीसकट सगळा गाव बसतो. मोहरमला चोंगे फक्त आमच्याच घरी होत नाहीत, पंजे बसतात त्या गावांत मराठा-धनगरांच्या घरीही गुळाचे चोंगे लाटले जातात. गावगाड्यात मुलाण्याला त्याच्या कामाचे बलुते होते. २०२५च्या मार्चमध्ये राज्याच्या एका मंत्रिमहोदयांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली, तेव्हा मला मुलाण्याची आठवण आली. ज्याचे ज्याला पटेल ते त्याने खावे, त्याला माझी ना नाही. पण मटणाच्या दुकानावर धर्माची पाटी लावणे ही या मातीची जुनी परंपरा आहे असे कुणी सांगू लागला, तर त्याने एकदा कंदुरीच्या पंगतीला बसून यावे.

आता आमच्या लोकांकडे वळते. हिंदू मित्रांनी आम्हाला बिर्याणीत कोंबले, पण आम्ही स्वतः उडी मारून आत बसलो त्याचे काय? लग्नात दालचा ठेवला तर आता नाक मुरडतात. ‘डाळ खाऊ घातली’ म्हणून मुलीच्या बापाची अब्रू जाते. मग कर्ज काढून बिर्याणी, तिच्या जोडीला चिकन सिक्स्टी फाइव्ह, डबल का मीठा, आईस्क्रीम. दस्तरखान उचलताना खालून अर्धे अर्धे ताट भात निघतो. इसराफ, उधळपट्टी, हराम आहे हे खुतब्यात ऐकून आलेलेच लोक ते ताट टाकत असतात. त्याहून नवे खूळ म्हणजे मंदी. मुंब्र्यात, कोंढव्यात, आमच्याकडे, जिथे बघाल तिथे अरबी मंदीची हॉटेले. मोठ्या थाळ्यात भात, वर कोंबडी, भोवती बसायला गाद्या, भिंतीवर उंटाचे चित्र. आखातात मजुरी करून आलेल्या पोरांना ती चव आवडली, इथवर समजते. पण पंचवीस वर्षांचा मुलगा मंदी ‘आपली’ आणि भाकरी ‘गावठी’ म्हणतो तेव्हा मला त्याच्या नानीची दया येते. बाहेरचे आम्हाला अरबस्तानात ढकलतात अशी तक्रार करायची आणि संध्याकाळी पैसे मोजून उंटाच्या चित्राखाली जाऊन बसायचे, यात आमच्या पुढाऱ्यांना काही विसंगत वाटत नाही.

आणि या सगळ्यात राबते कोण? ईदच्या पहाटे चार वाजता उठून दूध आटवायला ठेवणारी, खारका-बदाम चिरणारी, शीर खुर्मा झाला की लगेच पाच किलो तांदूळ निवडायला बसणारी बाईच ना? ईदची नमाज, गळाभेटी, अत्तर, नवे कपडे पुरुषांकडे. आमच्याकडे कांद्याची पोती. त्यात ‘बिर्याणी कधी’ हा प्रश्न माझ्या नवऱ्याच्या मित्रांकडून त्याला येतो आणि उत्तर तो देतो, ‘उद्याच या!’ हे ‘उद्याच या’ म्हणणारे हात कांदा कापत नाहीत. आमच्या पाहुणचाराचे कौतुक करणाऱ्यांनी, हिंदू असोत की मुसलमान, हा हिशेब कधीतरी बघावा.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिले, मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते आणि का शिजत होते हे लाज न बाळगता मांडले. ते वाचताना कितीतरी पानांवर मला आमचीच चूल दिसली. ‘रुचिरा’ घराघरांत पोहोचली ती १९७० नंतर, आणि मराठी घर म्हणजे कुठले घर याची एक समजूत तिच्याबरोबर घराघरांत गेली. कमलाबाई ओगल्यांचा यात दोष नाही, त्यांनी आपल्या घरचे लिहिले. आमच्या घरचे आम्ही लिहायचे होते. १९९०ला सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आमच्या भाषेवर, ओळखीवर कितीतरी बोलले गेले. चिगुर गोश्तावर किती बोललो? मराठवाड्याचा दालचा, कोकणी मुसलमानांचे संदण आणि तांदळाची भाकरी, सोलापूर-कोल्हापूरकडच्या बागवान-मुजावर घरांतले रस्से, हे सगळे ज्या बायकांच्या हातात आहे त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या कृती वाटी-चमच्यात नाहीत, ‘अंदाजाने’ आहेत, आणि अंदाज माणसाबरोबर कबरीत जातो. आमच्या मुलींच्या हातात मोबाईल आहेत. उत्तरेकडच्या कोरम्याचे व्हिडिओ बघण्यातला अर्धा तास काढून नानीसमोर तो मोबाईल धरायला काय हरकत आहे? बोली दखनी असेल, मराठी असेल, जशी येईल तशी येऊ दे.

आणि माझ्या बिर्याणीवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एक सोपी अट. यापुढे माझ्याकडून डबा येणार नाही. ईद सोडून कुठल्याही दिवशी घरी या. वार मोडायचा नसेल, सोमवार-मंगळवार-गुरुवार पाळत असाल, तर साधी अंबाडी आणि खट्टी दाल करीन. शाकाहारी असाल तर खिचडी-खट्टा आहेच, भांडी तुमच्यासमोर विसळून घेईन. सध्या बाजारात अंबाडीच्या कोवळ्या जुड्या आल्या आहेत, ज्वारीचे पीठ मी कालच दळून आणले आहे. फक्त आदल्या दिवशी फोन करा. आंबट सोसते की नाही एवढे मला विचारून घ्यायचे असते.